'पाचांसाठी एकाला कापा' एवढाच का उपयुक्ततावाद?

उंबरठा:
'उपयुक्ततावाद म्हणजे हिशेबी क्रौर्य' ही पोस्ट वाचली. उपयुक्ततावाद म्हणजे ज्याने सगळ्यांचं मिळून जास्तीत जास्त भलं होईल तेच योग्य मानणारा विचार. पोस्टमधला मुद्दा नेहमीचाच. पाच रुग्ण, पाचांना वेगवेगळे अवयव हवेत, तेवढ्यात एक धडधाकट माणूस तपासणीला येतो. उपयुक्ततावादी डॉक्टर त्याला कापून पाच जीव वाचवेल, सबब हा विचार टाकाऊ. खाली सगळ्यांच्या माना डोलताहेत. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

ज्याला तुम्ही क्रूर म्हणता त्या विचाराने काय केलं ते बघा. जनावरांना बुद्धी आहे का, बोलता येतं का, हे विचारू नका, त्यांना यातना होतात का ते विचारा, असं या विचाराचा प्रवर्तक, इंग्रज तत्त्वज्ञ बेंथमने १७८९ साली लिहिलं. १८६७ साली त्याचा विचार पुढे नेणारा तत्त्वज्ञ मिल ब्रिटिश संसदेत स्त्रियांच्या मताधिकारासाठी उभा राहिला. दोघांच्या मुळाशी एकच गोष्ट: दुःख कोणाचंही असो, त्याचं वजन सारखं. आणि त्या डॉक्टरचं म्हणाल, तर असा एक खून झाला की दवाखान्याची पायरी कोण चढेल? पाच वाचतील आणि उपचारांवाचून कितीतरी मरतील. परिणामांचाच हिशेब सांगतो, कापू नका.

आडवाट:
आणि कोणाला कळलंच नाही तर? एकच डॉक्टर, एकच रात्र, सगळं गुपचूप. मग कापायचं ना? तुमच्या उत्तरात बाकीचे लोक घाबरतील म्हणून खून वाईट. टेबलावर पडलेला माणूस त्यात कुठेच नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ रॉल्सने १९७१ साली नेमकं इथेच बोट ठेवलं. उद्या सुख मिळावं म्हणून मी आज कळ सोसतो, तेव्हा सोसणारा मी आणि भोगणाराही मीच. तेच गणित तुम्ही समाजाला लावता, आणि तिथे सोसतो एक, भोगतो दुसरा.

तर्कट:
म्हणून तर नियमांचा उपयुक्ततावाद आला. एकेका कृतीचा हिशेब करत बसू नका, कोणता नियम सर्वांनी पाळला तर भलं होईल ते पाहा. 'निरपराधाला मारू नये' हा नियम त्यात सहज बसतो. विषय संपला.

आडवाट:
संपला कसा? नियम मोडून जास्त भलं होतंय हे लख्ख दिसत असताना तो पाळायचा, तर परिणाम बाजूला पडले. मोडायचा, तर पुन्हा त्या टेबलाशी आलात.

काल्पनिक उदाहरण नको असेल तर खरं घ्या. १८८४ साली मिन्योनेट नावाची नौका बुडाली, चौघे होडीत. डडली आणि स्टीफन्स यांनी रिचर्ड पार्कर या १७ वर्षांच्या पोराला मारलं आणि त्याच्या मांसावर जगले. पोर आजारी, त्यातून अनाथ, आणि मारणाऱ्यांना बायकामुलं. इंग्लंडच्या न्यायालयाने तो खूनच ठरवला, फाशीची शिक्षा पुढे सहा महिन्यांच्या कैदेवर आली. शिक्षेचं जाऊ द्या, निवड बघा. ज्याच्यामागे रडणारं कोणी नाही, त्याचीच वजाबाकी स्वस्त पडते.

सांजवेळ:
मी १४ वर्षं अतिदक्षता विभागात नर्स आहे. एका रात्री व्हेंटिलेटर एकच मोकळा होता आणि दारात दोन स्ट्रेचर. आधी आलेले एक आजोबा, मागून आणलेली तिशीतली बाई. डॉक्टरांनी वाचण्याची शक्यता कोणाची जास्त ते पाहिलं आणि मशीन बाईला लावलं. आजोबांना मी अंबू बॅग दाबून हाताने श्वास देत राहिले. पहाटेपर्यंत बोटं वळेनाशी झाली होती. साडेचारला ते गेले. त्यांच्या मुलाने विचारलं, 'आम्ही आधी आलो होतो ना?' मला उत्तर देता आलं नाही. पण डॉक्टर चुकले असं आजही वाटत नाही. मोजलं नाही तरी कोणीतरी मरतंच, फक्त आपले हात स्वच्छ राहिल्यासारखे वाटतात.

आडवाट:
ताई, तुमच्या त्या रात्रीपुढे मान तुकवतो. पण मशीन आजोबांचं काढून घेतलेलं नव्हतं. दोघांचा हक्क सारखा आणि वस्तू एक असेल तेव्हा मोजा. एवढं मान्य, याहून तसूभर जास्त नाही.

कळसूत्र:
पार्करबद्दल वाचून थांबले. आम्ही तिघं भावंडं, मी थोरली. आजी अंथरुणाला खिळली तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. एका रात्री वडील वही घेऊन शेजारी बसले. मधोमध रेघ मारली. डावीकडे दोन्ही भावांची शिक्षणं, आईची नोकरी, आजीची शुश्रूषा. उजवीकडे माझं कॉलेज. 'तूच बघ,' म्हणाले. मी पाहिलं. आठवड्याभरात पुस्तकं मैत्रिणीला देऊन टाकली.

उंबरठा:
वाईट वाटलं, पण याचं खापर उपयुक्ततावादावर फोडू नका. 'प्रत्येकाला एक मोजा, कोणालाही एकाहून जास्त नको' हे वचन मिलने बेंथमच्या नावावर नोंदवलंय. तुमच्या घरी मुलीचं सुख अर्धंच धरलं गेलं. चूक त्या हिशेबात झाली, मोजण्यात नाही.

कळसूत्र:
तुम्ही माझ्या वडिलांना ओळखत नाही. त्यांनी मला पूर्ण धरलं होतं, म्हणूनच वही उघडली. आणि हिशेब बरोबर आला! भाऊ मार्गी लागले, आईची नोकरी टिकली, आजी सहा वर्षं स्वच्छ अंथरुणावर, घरच्यांत जगली. आज पुन्हा बेरीज केली तरी तीच येईल. आणि तरीही माझ्यावर अन्याय झाला. या शेवटच्या वाक्याला तुमच्या वहीत रकाना कुठे आहे?

उंबरठा:
मग करायचं काय होतं? भावांना घरी बसवायचं? आजीला वाऱ्यावर सोडायचं? दरवेळी हेच होतं, काळजाला भिडणारी गोष्ट सांगायची आणि पर्याय विचारला की गप्प. भावनेवर घर चालत नाही.

कळसूत्र:
गप्प बसले ती १९ वर्षांची असताना. आता नाही बसणार. आजीचं करणं तिघांनी वाटून घेता आलं असतं. सगळ्यांचीच शिक्षणं रखडली असती, बेरीज कमी आली असती. मला ती कमी बेरीज चालली असती. आणि 'तूच बघ' ऐवजी 'तुला चालेल का' असं विचारलं असतं, तर कदाचित मी हो म्हणालेही असते.

तर्कट:
उंबरठा, सूर आवरा. मीही तुमच्याच बाजूचा, पण त्यांनी आपल्या दुखऱ्या जागीच हात घातलाय. मिलने १८६१ मध्ये न्यायावर अख्खं प्रकरण खर्ची घातलं. एखाद्याचा हक्क बेरजेवर भारी का पडावा, हे त्याला शेवटी सर्वांच्या हितातूनच सिद्ध करावं लागलं. तिथे तो अडखळतो असं मला पहिल्या वाचनापासून वाटत आलंय.

उंबरठा:
'भावनेवर घर चालत नाही' हे मागे घेतो. कळसूत्र, माफ करा. ओझं कोणावर किती पडलं हे नुसत्या बेरजेत दिसत नाही, हेही मान्य करावंच लागतंय. पण याहून पुढे सरकणार नाही. दारात दोन स्ट्रेचर असतील तेव्हा मला मोजणाराच डॉक्टर हवा.

आडवाट:
आधी आलेल्या स्ट्रेचरवर तुमचे वडील असले तरी?

उंबरठा:
तरीही. मीसुद्धा त्या मुलासारखाच विचारेन, आम्ही आधी आलो होतो ना. डॉक्टरांनी माझं ऐकू नये.