मदत हवी आहे: काउंटर-स्ट्राइक २ मध्ये बॉम्ब लावल्यावर मोलोटोव्ह आणि ग्रेनेडचं टायमिंग जमत नाही

नमस्कार मंडळी,

आम्ही पाच मित्र, सगळे नागपूरचे. काउंटर-स्ट्राइक २ या नेमबाजीच्या गेममध्ये बॉम्ब लावणाऱ्या बाजूने खेळताना साइट (बॉम्ब लावायची जागा) घेणं आम्हाला जमतं, बॉम्बही लागतो, आणि त्यानंतरच्या चाळीस सेकंदांत हातात आलेला राउंड निघून जातो. नेम सगळ्यांचा बरा आहे. अडतं ते ग्रेनेड कधी सोडायचा तिथे. महिनाअखेरीस इथे एक लॅन स्पर्धा (एकाच ठिकाणी जमून खेळायची) आहे, त्याआधी हे सुधारायचं मनावर घेतलंय. "सराव करा" याच्या पुढचं काही कोणी सांगितलं तर फार उपकार होतील.

आम्हाला जेवढं ठाऊक आहे ते आधी लिहितो. बॉम्ब लावल्यापासून ४० सेकंदांनी फुटतो. डिफ्यूज करायला, म्हणजे बॉम्ब निकामी करायला, किट असेल तर ५ सेकंद लागतात, नसेल तर १०. म्हणजे ५ सेकंदांहून कमी उरले की किटवाल्या सीटीलाही (बॉम्ब निकामी करणाऱ्या बाजूच्या खेळाडूलाही) काही करता येत नाही. मोलोटोव्हची (पेटत्या बाटलीची) आग साधारण ७ सेकंद टिकते. मग १० सेकंद उरले असताना बरोब्बर बॉम्बवर आग पडली, तर ती विझेपर्यंत ३च उरतात आणि राउंड आपला. वहीत हे सगळं बसतं, पण खेळताना आमचा मोलोटोव्ह नेहमी २० सेकंद उरले असतानाच पडतो. सीटी बाजूला उभे राहून आग विझायची वाट बघतात आणि मग निवांत डिफ्यूज करतात.

यामागे मला दोन कारणं दिसतात.

पहिलं म्हणजे आमच्यातले दोघं बीजीएमआय या मोबाइल गेमवरून आलेले. तिथे ग्रेनेडची पिन काढली की घड्याळ हातातच सुरू होतं. मनात आकडे मोजायचे आणि वेळेत फेकायचा, नाहीतर आपणच जातो. काउंटर-स्ट्राइकमध्ये बटण दाबून कितीही वेळ धरून ठेवा, काही होत नाही. एचई (स्फोट होणाऱ्या) ग्रेनेडचा साधारण दीड सेकंद हातातून सुटल्यावर सुरू होतो, आणि मोलोटोव्ह तर जमिनीला लागला की पेटतो. हे त्या दोघांना पाठ आहे, पण बोटांना अजून पटलेलं नाही. पिन निघाली की "एक, दोन" होतं आणि फेकून मोकळे.

दुसरं कारण आवाजाचं. बॉम्ब लागला की स्क्रीनवरचं घड्याळ जातं, मोजायला उरतो फक्त बीपचा आवाज. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी कूलर बंद करून बसणं शक्यच नाही. माझ्या खोलीतला लोखंडी कूलर खिडकीतच आहे. त्याच्या घरघरीत दूरचा बीप तर सोडा, डिफ्यूज सुरू झाल्याचा आवाजही दबतो. तिघांचे माइक सतत चालू, म्हणजे तिघांचे कूलर बाकीच्यांच्या कानात.

तर विचारायचं असं: मोलोटोव्ह घड्याळावर सोडायचा की डिफ्यूजच्या आवाजावर? आणि एचई कोणी, कशासाठी राखून ठेवायचा? मिराजच्या ए साइटचं उदाहरण घेऊन सांगितलं तर आम्हाला लवकर कळेल, बहुतेक वेळ आम्ही तोच मॅप खेळून राहिलो.

प्रतिसाद १, पुण्याहून

दादा, तुमचा हिशोब बरोबर आहे, फक्त त्यात समोरचा माणूस नाही. चांगला सीटी डिफ्यूजला हात लावतो आणि लगेच सोडतो. तुमचा मोलोटोव्ह बाहेर काढण्यासाठीच तो हे करतो. त्यामुळे पहिल्या आवाजावर सोडायचा नाही. एक क्षण थांबा. तो खरंच चिकटून बसला तर सोडा. पण किट असेल तर त्याला ५च सेकंद पुरतात, त्यात तुमचा थांबण्याचा क्षण आणि बाटली हवेत असण्याचा वेळ दोन्ही जातात. म्हणून मोलोटोव्ह हातात, पिन निघालेली, नेमकी जागा धरून उभं राहायचं. बीजीएमआयवाल्या दोघांना हेच काम द्या, धरून उभं राहण्याची भीती त्यातूनच जाईल. आवाज आल्यावर बंदूक ठेवून ग्रेनेड काढायला गेलात की उशीर झालाच.

घड्याळाचं काम गेमच करून देतो. आवाजाच्या सेटिंगमध्ये दहा सेकंदांच्या इशाऱ्याचा वेगळा आवाज असतो, बरेच जण तो शून्यावर ठेवतात. तो वाढवा. बॉम्ब फुटायला १० सेकंद उरले की संगीत वाजतं, बीप मोजायची गरजच उरत नाही. तोवर डिफ्यूज सुरू झालेलं नसेल, तर किट नसलेला सीटी तिथेच संपला. मेलेल्या सीटीजवळ किट पडलेलं दिसतं, तेही एकमेकांना सांगत चला. संगीत वाजलं, समोर किट आहे असं वाटतंय, तर तेव्हा मोलोटोव्ह थेट सोडायचा, आवाजाची वाट न बघता.

थोडक्यात, संगीत वाजेपर्यंत कानावर, वाजल्यावर घड्याळावर.

एचईबद्दल. चिलखत घातलेला, पूर्ण जीव असलेला सीटी एका एचईने मरत नाही, त्यामुळे तो मारायला ठेवू नका. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये त्याचं खरं काम धुरात आहे. सीटी बॉम्बवर स्मोक (धुराचा ग्रेनेड) टाकून आत डिफ्यूजला बसतो. त्या धुरात एचई फुटला की थोडा वेळ भोक पडतं, आतला माणूस दिसतो आणि मग धूर पुन्हा भरून येतो. मिराजच्या ए वर रॅम्पजवळचा खेळाडू एचई सोडेल आणि पॅलेसमधला (दोन्ही साइटकडे येणाऱ्या वाटा) आधीच बॉम्बवर नेम धरून असेल. एकट्याने दोन्ही करायला गेलात तर बंदूक हातात येईपर्यंत भोक बुजायला लागतं.

प्रतिसाद २, अमरावतीहून

भाऊ, वरच्यांनी स्मोकचं सांगितलं, त्यात एक जोडतो. सीटीचा स्मोक तुमची आगही विझवतो. म्हणून त्यांच्याकडे स्मोक शिल्लक आहे का, हे साइट घेतानाच बघून ठेवत जा. शिल्लक असेल तर मोलोटोव्हवर सगळी भिस्त नको, एक फ्लॅशही (डोळे दिपवणारा ग्रेनेड) ठेवा.

कूलरचं म्हणाल तर माइक सतत चालू ठेवूच नका, बटण दाबून बोला. बॉम्ब लागल्यावर एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. कान झाकणारे हेडफोन असतील तर घरघर बरीच कमी होते, आमच्याकडे असंच चालते.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. त्या इशाऱ्याचा आवाज आमच्या पाचही जणांकडे बंदच होता! काल रात्री तो चालू करून खेळलो. संगीत वाजताच मोलोटोव्ह सुटला, सीटी आगीत घुसून डिफ्यूज करायला गेला आणि जळून मेला. माइकवर एवढा ओरडा झाला की आई उठून आली.

सरावाच्या मोडमध्ये ग्रेनेड कॅमेरा लावून मिराजच्या ए साठी पॅलेसमधून एक आणि रॅम्पवरून एक अशा जागा बसवून राहिलो. पण बॉम्ब दरवेळी एकाच ठिकाणी लागत नाही. घाईत आमचा गडी जिथे आडोसा मिळेल तिथे लावतो, आणि तयार केलेली जागा दोन हात चुकते.

आता एवढंच सांगा: मोलोटोव्हच्या जागेप्रमाणे बॉम्ब लावायची सक्ती करायची, की प्रत्येक साइटवर बॉम्ब लावायच्या दोन-तीन जागांसाठी वेगळे लाइनअप (फेकताना उभं राहायची आणि नेम धरायची जागा) पाठ करायचे? आणि इन्फर्नोच्या बी साइटसाठी बनानातून (त्या साइटकडे जाणाऱ्या वाटेवरून) चालणारी एखादी पक्की जागा कोणाकडे असेल तर कुठे उभं राहायचं आणि कशावर नेम धरायचा, दोन्ही लिहा. स्पर्धेत तो मॅप येण्याची शक्यता आहे.