सागवानी पेटीतला, पाण्याने थंड होणारा नीरव संगणक: सल्ला हवा आहे

सुतारपक्षी:
नमस्कार. ध्वनिमुद्रण आणि चित्रफितींचे संपादन यांसाठी मी नवा संगणक जुळवत असून त्याची पेटी सागवानात स्वतः करण्याचा बेत आहे. लाकूडकामाची सवय आहे, संगणकाचे भाग जोडणेही नवे नाही. पाण्याने थंड करण्याची व्यवस्था मात्र आजवर हाताळलेली नाही. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून पूर्ण भाराखाली सुमारे ३०० वॅट उष्णता टाकतील, आणि मायक्रोफोन त्याच खोलीत असल्यामुळे संगणकाचा आवाज मुद्रणात उतरता कामा नये. लाकूड उष्णतेचे दुर्वाहक असल्याने पेटी आतून तापत राहील का? ३६० मिमीचा एक रेडिएटर (पाण्यातली उष्णता पंख्यांच्या हवेत सोडणारी जाळी) पुरेल का? पंप कसा बसवावा? दर्शनी बाजूस ४५० मिमी रुंदीची, १८ मिमी जाडीची अखंड फळी लावण्याची इच्छा आहे.

मंदगती:
लाकडाची चिंता उष्णतेपुरती तरी सोडून द्यावी. पोलादी पेटीतूनही बहुतेक उष्णता हवेबरोबरच बाहेर पडते, भिंतींतून फार थोडी जाते. त्यामुळे हवेला आत येण्याची आणि बाहेर जाण्याची मोकळी वाट असेल तर भिंत कशाची आहे याने फारसा फरक पडत नाही. मदरबोर्डवरचे व्होल्टेज नियंत्रक आणि एसएसडी हे पाण्याच्या फेऱ्याबाहेर राहतात, एवढे मात्र ध्यानात ठेवून त्यांच्यावरून थोडी हवा वाहील अशी योजना करावी.

रेडिएटरचा ढोबळ हिशेब असा, की मध्यम वेगाच्या पंख्यावर १२० मिमीच्या, म्हणजे एका पंख्याएवढ्या, प्रत्येक खणामागे १०० वॅट धरतात. त्या मापाने ३६० चा रेडिएटर जेमतेम पुरतो, पण तुम्हाला मध्यम वेग नकोच आहे. पंख्याचा वेग निम्मा केला की त्याचा आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो, तर तसाच दुसरा पंखा शेजारी लावल्याने तो फक्त ३ डेसिबलने चढतो. म्हणून ३६० आणि २४० असे दोन रेडिएटर घेऊन पाचही पंखे मिनिटाला पाचसहाशे फेऱ्यांवर ठेवावेत, आणि रेडिएटर विरळ पातळ पत्र्यांचे (फिन्सचे) निवडावेत, कारण दाट पत्र्यांतून हवा ढकलायला संथ पंख्याचा जोर अपुरा पडतो.

पंपही पूर्ण वेगाने चालवण्याचे कारण नाही. मिनिटाला १ लिटर पाणी फिरले तरी ३०० वॅटने ते एका फेरीत सुमारे ४.३ अंशच तापते. माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पंख्यांचा वेग प्रोसेसरच्या नव्हे, पाण्याच्या तापमानावर बांधणे. प्रोसेसरचे तापमान क्षणात वरखाली होते आणि त्यामागे पंखे हुंकारत राहतात. मुद्रणात स्थिर आवाजापेक्षा हा चढउतारच अधिक खुपतो. पाणी सावकाश तापते, त्यामुळे पंख्यांचा वेगही सावकाश बदलतो.

लाकूडतोड्या:
अखंड फळीचा हट्ट असेल तर ती चौकटीच्या खाचेत सैल बसवावी, सरस लावू नये आणि कडेला दोन्ही बाजूंना जागा सोडावी. सागवान तुलनेने शांत लाकूड आहे, तरीही त्यातील ओलाव्याचे प्रमाण चार टक्क्यांनी बदलले तर ४५० मिमी रुंदीची फळी आडव्या अंगाने तीनेक मिलिमीटर हलू शकते. चारही बाजूंनी जखडली तर ती वाकेल किंवा तडकेल. पॉलिश आतून-बाहेरून सारखेच द्यावे, नाहीतर एकच बाजू ओलावा घेते आणि फळी पिळवटते. रेडिएटर आणि मदरबोर्ड ज्यावर बसतील तो सांगाडा मात्र प्लायवूडचा किंवा धातूचा असावा.

रेडिएटर थेट १८ मिमीच्या फळीवर बसवताना स्क्रूची लांबी जपावी. लांबी कमी पडते म्हणून मोठा स्क्रू घेतला आणि तो दोनचार मिलिमीटर जास्त आत गेला, तर त्याचे टोक सरळ रेडिएटरमधल्या पाण्याच्या नळीत घुसते. त्यापेक्षा २ मिमीच्या अ‍ॅल्युमिनियम पत्र्यावर पंखा आणि रेडिएटर जोडून तो पत्रा लाकडावर बसवावा. १२० मिमीच्या पंख्याच्या भोकांमधील अंतर १०५ मिमी असते, १४० च्या पंख्याचे १२४.५ मिमी.

पंप फळीला कधीही घट्ट आवळू नये. तंबोऱ्याची तबली तारेचा क्षीण आवाज जसा खोलीभर पोहोचवते, तसेच पातळ फळी पंपाच्या थरथरीचे करते. जड धातूची बैठक, तिच्याखाली मऊ रबर, आणि पंपाला मऊ, वळण घेतलेली नळी. ताठ नळी त्याच कंपनांना दुसऱ्या वाटेने पेटीपर्यंत नेते.

तिसरी_तार:
पाण्याचा आग्रह कशासाठी, हे मला पटलेले नाही. काम नसताना मोठ्या हीटसिंकवरचा (प्रोसेसरची उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावरचा) पंखा जवळजवळ ऐकू येत नाही, पंप मात्र सतत चालू राहतो. तरीही पाणीच हवे असेल तर विजेची बाजू सांभाळावी. लाकडी पेटी विद्युतचुंबकीय लहरी अडवत नाही, आणि तुमच्याकडे मायक्रोफोनच्या तारा आहेत. मदरबोर्ड धातूच्या ताटलीवर बसवून ती ताटली पॉवर सप्लायच्या पत्र्याशी जोडावी, आतून पातळ पत्र्याचे अस्तर द्यावे व तेही त्याच ठिकाणी जोडावे. पॉवर सप्लाय त्याच्या मूळ धातूच्या डब्यातच राहू द्यावा आणि भूसंपर्कन असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटवरच चालवावा.

सुतारपक्षी:
सर्वांचे आभार. केवळ प्रोसेसर असता तर मीही हवेवरच भागवले असते. संपादनाच्या वेळी ग्राफिक्स कार्डाचे लहान पंखे जो आवाज करतात तो मला नको आहे. दर्शनी फळी खाचेत सैल बसवतो. आता गळतीबद्दल सांगावे.

मंदगती:
सर्व भाग तांबे, पितळ किंवा निकेलचे असावेत. तांब्याच्या ब्लॉकबरोबर (प्रोसेसर किंवा कार्डावर बसणारा, आतून पाणी वाहणारा ठोकळा) अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर जोडला तर अ‍ॅल्युमिनियम गंजत जाते. (लाकूडतोड्या यांचा पत्रा पाण्याला लागत नाही, तो चालेल.) शुद्ध पाण्यात गंजरोधक आणि शेवाळरोधक मिसळलेले तयार द्रव वापरावे. भरण्यापूर्वी हवेच्या पंपाने सुमारे अर्धा बार दाब देऊन, भागांची मर्यादा त्याहून कमी असेल तर तेवढाच देऊन, दाबमापकाचा काटा उतरतो का ते अर्धा तास पाहावे. मग पाणी भरून मदरबोर्ड आणि कार्ड यांची वीजजोडणी काढावी, जोडांखाली कोरडा कागद पसरून फक्त पंप दिवसभर चालवावा. पाणी साठवणारी टाकी पंपाच्या वर असू द्यावी, कारण त्या पंपाच्या बेअरिंगला वंगण म्हणून पाणीच लागते आणि कोरडा चालला तर तो लवकर निकामी होतो. पाणी काढण्याची तोटी सर्वांत खालच्या बिंदूवर, पेटीच्या मागील बाजूस बाहेर काढावी, म्हणजे पाणी बदलताना सागवानावर थेंब पडणार नाही.