मदत हवी आहे: राष्ट्रगीताच्या वेळी काळी फीत, संघ बाद, खुलासा परवापर्यंत

मैदान_ऐरोली
घाईत लिहितेय. 26 जानेवारीच्या कबड्डी स्पर्धेत उपांत्य सामन्याआधी राष्ट्रगीत झालं, तेव्हा आमच्या मुलींच्या दंडाला काळी फीत होती. त्यावरून संघ बाद केला आणि समोरच्या संघाला पुढे चाल दिली. काल आयोजकांचं पत्र आलं. "राष्ट्रगीताचा अवमान व शिस्तभंग" असं लिहिलंय. परवा संध्याकाळी सहापर्यंत लेखी खुलासा द्यायचा, नाहीतर दोन वर्षं बंदी "व पुढील कायदेशीर कारवाई". मला खुलाशाचा मजकूर हवा आहे. कुणी लिहून देईल का? चर्चा नंतर करू.

नौपाडेकर
मजकूर कशावर लिहायचा? फीत कशासाठी होती, मुली उभ्या होत्या का, वय काय, स्पर्धा कुणाची, पत्रात कुठला नियम दाखवलाय? यातलं एकही तुम्ही लिहिलेलं नाही.

मैदान_ऐरोली
मैदानासाठी. मुली जिथे सहा वर्षं सराव करतात तिथे दिवाळीनंतर पत्रे ठोकले, ऐरोलीत सगळ्यांना माहीत आहे. उभ्याच होत्या, बसतील कशाला? सतरा वर्षांखालचा गट. स्पर्धा एका खासगी मंडळाची. नियम पत्रात कुठलाच नाही.

सुभेदार_निवृत्त
ताई, तुमच्या मुलींबद्दल राग नाही, पण मला जे वाटतं ते सांगतो. राष्ट्रगीत 52 सेकंदांचं असतं. मागण्या मांडायला बाकीचा अख्खा दिवस मोकळा आहे. पाहिजे तर पालिकेसमोर बसा, पत्र्यांसमोर बसा, मी स्वतः येऊन बसेन. पण त्या 52 सेकंदांत दुसरं काही नको. मी बावीस वर्षं नोकरी केली. ती धून लागली की माझ्या शेजारी कोण उभा होता आणि आता नाही, ते चेहरे समोर येतात. म्हणून म्हणतो, माफी मागा आणि विषय संपवा.

अर्जदार
सर्वात आधी माहितीचा अधिकार. मैदान कुणाच्या ताब्यात, आरक्षण कशाचं, पत्रे कुणाच्या आदेशाने, हे तीन प्रश्न. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा. माझ्या विभागातलं उद्यान मी असंच सोडवलंय.

नौपाडेकर
अर्जदार, त्याला तीस दिवस लागतात. त्यांना खुलासा परवा द्यायचाय.

अर्जदार
मैदानाचा प्रश्न सुटला की फितीचा प्रश्नच राहत नाही. मूळ धरा.

कायदा_दुसरे_वर्ष
मी विधी महाविद्यालयात आहे, वकील नाही, त्यामुळे शेवटी एखाद्या वकिलांना दाखवाच. राष्ट्रीय प्रतिष्ठा अवमान प्रतिबंध अधिनियम 1971 चा आहे. त्याच्या कलम 3 मध्ये दोनच गोष्टी आहेत: राष्ट्रगीत गाण्यास हेतुपुरस्सर प्रतिबंध करणं, किंवा ते गाणाऱ्या जमावात व्यत्यय आणणं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. दंडावर काय बांधलं होतं याचा त्यात उल्लेख नाही. मुली उभ्या होत्या आणि गात होत्या, तर यातलं काहीच झालेलं नाही.
दुसरं, केरळमधल्या तीन भावंडांचा खटला. दहावी, नववी आणि पाचवीतली मुलं. धर्मश्रद्धेमुळे राष्ट्रगीत गात नव्हती, पण आदराने उभी राहायची. 1985 मध्ये शाळेने काढून टाकलं. 11 ऑगस्ट 1986 ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. उभं राहणं म्हणजे आदर, आणि राज्यघटनेच्या कलम 19 मध्ये बोलण्याबरोबर गप्प राहण्याचाही हक्क येतो, असा तो निकाल आहे. न्या. चिन्नप्पा रेड्डी खंडपीठावर होते.

नौपाडेकर
तो निकाल इथे जशाचा तसा लावू नका. ती मुलं गप्प होती, यांनी फीत बांधली, म्हणजे काहीतरी म्हटलं. शिवाय तिथे समोर सरकारी खात्याचा आदेश होता. इथे खासगी मंडळ आहे. कलम 19 मंडळाला थेट लावता येईल का यावरच वाद होईल, ते मुख्यतः सरकारविरुद्ध वापरलं जातं. खुलाशात घटना-घटना केलं तर सचिव म्हणतील, आमची स्पर्धा, आमचे नियम.

कायदा_दुसरे_वर्ष
मान्य. पण मग "अवमान" हा शब्दही मंडळाने सांभाळून वापरायला हवा. तो कायद्यातला शब्द आहे. ते स्वतःच कायदेशीर कारवाई म्हणतात, तेव्हा कायद्यात काय आहे ते दाखवायला काय हरकत?

सोसायटी_सचिव
या निमित्ताने विचारतो, आमच्या गच्चीवर 26 तारखेला लावलेला झेंडा संध्याकाळी उतरवायला विसरलो. एका सभासदाने लेखी तक्रार दिली आहे. काही होईल का?

नौपाडेकर
ध्वजसंहितेत जुलै 2022 मध्ये बदल झाला. उघड्यावर किंवा घरावर लावलेला झेंडा आता रात्रीही राहू शकतो. फाटलेला-मळलेला नसावा. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे नको.

घणसोली_गावठाण
इथे सगळे निषेध करू नका सांगतायत म्हणून लिहितो. ही नवी मुंबई ज्या जमिनीवर उभी आहे ती आमच्या आजोबांची भातशेती आणि मिठागरं. जानेवारी 1984 मध्ये उरणच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड त्यातून परत मिळाले. 24 जून 2021 ला नवी मुंबई विमानतळाला आमचे नेते दि. बा. पाटील यांचं नाव द्या म्हणून आम्ही बेलापूरला रस्त्यावर उतरलो तेव्हा माझी आई त्रेसष्ट वर्षांची होती, चालत आली होती. आम्हाला कुणी देशप्रेम शिकवू नये. आमच्या मुली मैदान मागतात तेव्हा त्या याच मातीत लोळायची परवानगी मागतात.

सुभेदार_निवृत्त
दादा, तुमच्या हुतात्म्यांना माझा सलाम. मी निषेध करू नका म्हटलेलं नाही, त्या 52 सेकंदांत नको म्हटलं. वर पुन्हा वाचा.

वाशीची_आई
माझी मुलगी याच वयाची आहे आणि धनुर्विद्या खेळते. मला एवढंच विचारायचंय, दहावीची परीक्षा तोंडावर असताना मुलींना यात कुणी घातलं? तुम्ही सांगितलंत का त्यांना फीत बांधायला?

मैदान_ऐरोली
नाही. कर्णधाराने ठरवलं, मला आदल्या रात्री फोन करून सांगितलं. मी म्हटलं, गाणं मोठ्याने म्हणायचं आणि सावधानमध्ये राहायचं, मगच बांधा. कापड मी दिलं, जुन्या छत्रीचं. बारा पट्ट्या कापल्या. एवढाच माझा सहभाग आणि तो मी लपवणार नाही. मजकूर देताय ना कुणी?

क्रिकेट_ठाणे
काळी फीत म्हणजे अवमान हे आलं कुठून? 6 फेब्रुवारी 2022, लतादीदी गेल्या त्या दिवशी अहमदाबादला आपला संघ काळ्या फिती लावून खेळला. आपला तो हजारावा एकदिवसीय सामना होता.
उलट बाजूही सांगतो. डिसेंबर 2023 मध्ये उस्मान ख्वाजाने पर्थ कसोटीत काळी फीत लावली, तर आयसीसीने ताकीद दिली. कारण फीत नव्हतं, आधी परवानगी घेतली नाही हे होतं. आणि 2003 च्या विश्वचषकात हरारेला हेन्री ओलोंगा आणि अँडी फ्लॉवर, झिम्बाब्वेत लोकशाही मेली म्हणून काळ्या फिती. त्या विश्वचषकानंतर दोघेही आपल्या देशाकडून पुन्हा खेळले नाहीत. म्हणजे किंमत मोजावी लागते, हे मुलींना माहीत असू द्या.

खाडीपलीकडे
अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या कॉलिन कॅपर्निकचंही बघा. 2016 मध्ये अमेरिकेत पोलिसांच्या हातून होणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या मृत्यूंविरुद्ध तो राष्ट्रगीताला आधी बसून राहिला. मग एका माजी सैनिकाशी बोलून बसण्याऐवजी गुडघा टेकायला लागला, सैनिकांचा मान राहावा म्हणून. सुभेदारसाहेब, तुमच्यासारख्याच माणसाने त्याला ते सुचवलं. तरी पुढच्या हंगामापासून त्याला एकाही संघाने घेतलं नाही.

नौपाडेकर
अमेरिकेतून ऐरोलीत या. क्रिकेट_ठाणे यांनी कामाचं सांगितलं आहे. पत्रात दोन आरोप एकत्र बांधलेत, ते सुटे करा. अवमान झाला नाही, हे ठाम लिहा. पोशाखाचा नियम असेल आणि परवानगी घेतली नसेल, तर तेवढं मान्य करा. स्पर्धेची नियमावली आहे का तुमच्याकडे?

मैदान_ऐरोली
एक पान आहे. बनियनवर मागेपुढे क्रमांक, नखं कापलेली, अंगाला तेल नको, दागिने नकोत. फितीबद्दल काही नाही.

कायदा_दुसरे_वर्ष
व्हिडिओ आहे का? असेल तर उत्तम पुरावा.

मैदान_ऐरोली
आहे, एका पालकाने काढलेला. पण त्यात तो स्वयंसेवक मध्येच आलेला दिसतो. ते वेगळं प्रकरण आहे, मला वाढवायचं नाही.

कायदा_दुसरे_वर्ष
कुठला स्वयंसेवक? मध्येच म्हणजे राष्ट्रगीत चालू असताना?

मैदान_ऐरोली
हो. बारा जणी मध्यरेषेवर रांगेत उभ्या. "गाहे तव जयगाथा" च्या जवळपास आयोजकांचा बिल्ला लावलेला एक माणूस चटईवर चढला, तेही चप्पल घालून. आमचा डावा कोपरा खेळते त्या मुलीच्या दंडावरची फीत ओढायला लागला. गाठ बसलेली होती, सुटेना. तो ओढतोय आणि ती समोर झेंड्याकडे बघत गातेय. मान वळवली नाही, हातही हलवला नाही. "जय हे" संपेपर्यंत तो ओढत होता. मग तिने स्वतः गाठ सोडून फीत त्याच्या हातात दिली. दंडावर लाल वळ होता. मी हे आधी लिहिलं नाही कारण आयोजकांशी वाकडं घ्यायचं नाही, पुढच्या वर्षीही तिथेच खेळायचंय.

नौपाडेकर
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं.

सुभेदार_निवृत्त
तो माणूस राष्ट्रगीत चालू असताना चालला, चटईवर चढला, आणि सावधानमध्ये उभ्या असलेल्या मुलीला हात लावला? माझ्या तुकडीत हे झालं असतं तर मी मुलीला शाबासकी दिली असती आणि त्याला पहाटेपर्यंत मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या. फितीबद्दल माझं मत बदललेलं नाही, ती नकोच होती. पण त्या 52 सेकंदांचा मान त्या पोरीने राखला. माफीचा सल्ला मागे घेतो.

कायदा_दुसरे_वर्ष
कलम 3 चा व्यत्यय जर कुणी आणला असेल तर तो त्याने. खुलाशात हे लिहा.

नौपाडेकर
लिहा, पण आरोप म्हणून नाही. तसं लिहिलं की ते तक्रार विरुद्ध तक्रार करतील आणि मुली वर्षभर हेलपाटे घालतील. घटना म्हणून लिहा, कोण कधी कुठून आला एवढंच. नाव नको. व्हिडिओ पेन ड्राइव्हवर जोडा. गटात टाकू नका, मुलींचे चेहरे आहेत.

वाशीची_आई
आणि एका पुरुषाने अल्पवयीन मुलीचा दंड धरून ओढला, हे तुम्ही सगळे राष्ट्रगीताच्या हिशोबात मोजताय. तिच्या आईला विचारलंत का, तिला तक्रार करायची आहे का? ती जे म्हणेल ते आधी.

मैदान_ऐरोली
बरोबर आहे तुमचं. आत्ता फोन करते.

कायदा_दुसरे_वर्ष
मजकूर देते. दुरुस्त करा.

"आपल्या पत्राबाबत खुलासा पुढीलप्रमाणे. दि. 26 जानेवारी रोजी राष्ट्रगीत सुरू असताना आमच्या संघातील सर्व खेळाडू सावधान स्थितीत उभ्या होत्या व राष्ट्रगीत गात होत्या. राष्ट्रगीत गाण्यास त्यांनी प्रतिबंध केला नाही अथवा व्यत्यय आणला नाही. राष्ट्रगीत सुरू असताना आयोजकांचा बिल्ला लावलेली एक व्यक्ती चटईवर आली व एका खेळाडूच्या दंडावरील फीत ओढू लागली, त्या वेळीही खेळाडू स्थिर होती. चित्रफीत सोबत जोडली आहे. स्पर्धेच्या नियमावलीत फितीबाबत तरतूद नाही, तथापि आयोजकांना पूर्वकल्पना द्यायला हवी होती, हे आम्ही मान्य करतो. कोणताही निर्णय घेण्यापूर्वी संघाचे म्हणणे प्रत्यक्ष ऐकून घ्यावे."

मैदान_ऐरोली
खूप आभार. मुलींना वाचून दाखवला. कर्णधार म्हणते, मैदान कुठेय यात?

नौपाडेकर
मुद्दाम नाहीये. मैदानाचा या मंडळाशी संबंध नाही. तो विषय घातला की ते म्हणतील, बघा, स्पर्धेत राजकारण आणलं.

घणसोली_गावठाण
फीत मैदानासाठी बांधली आणि खुलाशात मैदानच नाही, मग वाचणाऱ्याला वाटेल पोरींनी उगाच बांधली. फीत कुणाविरुद्ध होती हे लिहिलं नाही तर ती राष्ट्रगीताविरुद्ध होती असंच ते धरणार. एक वाक्य राहू द्या.

सुभेदार_निवृत्त
हे मला पटतं. कारण लिहिलंच पाहिजे.

कायदा_दुसरे_वर्ष
मग तिसऱ्या वाक्यानंतर हे घाला: "सदर फीत सरावाचे मैदान बंद झाल्याच्या दुःखापोटी होती, राष्ट्रगीत, राष्ट्रध्वज किंवा स्पर्धा यांच्याविरुद्ध नव्हती."

मैदान_ऐरोली
"दुःखापोटी" काढून "निषेधार्थ" केलं. मुलींनी तसंच ठेवायला सांगितलं.

नौपाडेकर
धोका वाढतो. पण निर्णय तुमचा.

अर्जदार
माहिती अधिकाराचा अर्ज टाकलात का?

मैदान_ऐरोली
टाकणार आहे, खरंच. आधी हे.
अपडेट: खुलासा दिला. आधी शिक्का द्यायला तयार नव्हते, दुसरी प्रत पुढे केल्यावर तारीख घालून पोच दिली. रविवारी सकाळी अकराला बोलावलंय. डाव्या कोपऱ्याची आई येणार आहे, तक्रारीचं तिथे ऐकून ठरवणार म्हणाली. सोबत काय काय न्यायचं?

नौपाडेकर
पोच, पत्र, नियमावलीचं पान, मुलींचे वयाचे दाखले. व्हिडिओच्या दोन प्रती. बोलायला दोघीच, तुम्ही आणि कर्णधार. बाकी पालक बाहेर थांबू देत.

मैदान_ऐरोली
अकरा फिती माझ्याकडे आहेत, बारावी त्याच्याकडेच राहिली. एक पुरावा म्हणून तिथे द्यायची का?

कायदा_दुसरे_वर्ष
देऊ नका, दाखवा आणि परत घ्या. आणि बारावी त्यांच्या ताब्यात आहे, हे तोंडी न सांगता लिहून द्या.