ई-२० पेट्रोल: गाड्यांना खरंच गंज, की नुसताच गवगवा?

उसाच्या_पट्ट्यातला (धागाकर्ता)
सोलापुरात हल्ली गाडीला काहीही झालं की मिस्त्री एकच सांगतो, "पेट्रोल बदललंय." म्हणजे ई-२०: पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, उसापासून-धान्यापासून काढलेलं अल्कोहोल. स्टार्टर गेला, पेट्रोल. चेन सैल पडली, तरी पेट्रोलच.

अ‍ॅव्हरेज आणि गंज, दोन वेगळ्या तक्रारींची सरमिसळ चाललीय. अ‍ॅव्हरेज घटतं, हे खरं. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या जेमतेम दोन तृतीयांश उष्णता असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय: मूळ साध्या, बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवून ई-१० ला (१० टक्के इथेनॉल) जुळवलेल्या चारचाकीला ६ ते ७ टक्के फटका, तशाच दुचाकीला ३ ते ४ टक्के.

गंजाचं मात्र तसं नाही. इथेनॉल हवेतली ओल ओढतं; त्या ओलीत क्लोराइड किंवा आम्ल असलं तर धातू खाल्ला जातो. त्यासाठी त्यात गंजरोधक मिसळतात. त्यात आपली हवा कोरडी. गंजाचा बाऊ पुरे, अ‍ॅव्हरेजमध्ये जेवढं जातं तेवढा पंपावरचा दर कमी करा, ही मागणी लावून धरू.

गॅरेज_अक्कलकोट_रोड
साहेब, कोरडी हवा मे महिन्यात. श्रावणात या की गॅरेजवर.

एप्रिल २०२३ नंतरच्या, ई-२० ला टिकणारे भाग असलेल्या नव्या गाड्यांचं मी बोलतच नाही. माझ्याकडं येतात त्या कार्ब्युरेटरवाल्या, हवा-पेट्रोल मिसळायचा जुना यांत्रिक भाग असलेल्या. मंगळवेढ्याकडची एक आली, मालक पुण्याला, गाडी पावसाळाभर शेडमध्ये, टाकीत पाव पेट्रोल. बाऊल, म्हणजे कार्ब्युरेटरची पेट्रोल साठायची वाटी, उघडला तर तळाला पांढरी भुकटी, पेट्रोल जायच्या पितळी जेटवर हिरवट थर, सुईचं रबर फुगून जागेवरच बसलेलं. टाकीच्या तळाला पाणी वेगळं झालेलं. याला बाऊ म्हणायचं होय?

मेकॅनिकल_शेवटचं_वर्ष
आमच्या प्रोजेक्टचा हाच विषय, म्हणून जरा लांब लिहितो.

चाचणी साधी असते. धातूचा तुकडा पॉलिश पेपरनं घासायचा, अ‍ॅसिटोननं धुवायचा, ०.१ मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणाऱ्या काट्यावर तोलायचा आणि इंधनात बुडवून ठेवायचा. ठरलेल्या मुदतीनं काढून, गंज साफ करून परत तोलायचा. घटलेल्या वजनावरून वर्षाला किती मिलिमीटर झिजला ते काढतात.

गोम इथंच आहे. हा आकडा सगळ्या पृष्ठभागाची सरासरी असतो. गंज एकाच ठिपक्यात खोल गेला तर वजन नावालाच घटतं, पण तिथं भोक पडतं. शिवाय आमची बाटली बूच लावून बंद. बाऊल हवा घेतो, त्यातलं पेट्रोल उडतं, नवं येतं, ओल साठत जाते. "प्रयोगशाळेत काही झालं नाही" म्हणजे मंगळवेढ्याच्या गाडीला काही झालं नाही, असं होत नाही.

पण मिस्त्रीकाका, सगळं पाण्यावरही ढकलू नका. अ‍ॅल्युमिनियमचं उलटंही होतं. इंधन तापलेलं आणि अगदी कोरडं असलं तर इथेनॉल थेट अ‍ॅल्युमिनियमवर हल्ला करतं. अशा वेळी थोडं पाणी त्याचा वरचा ऑक्साइडचा पापुद्रा टिकवतं.

इंजिनाच्या ताकदीचं म्हणाल तर ऑक्टेन वाढतं, म्हणजे इंधन अवेळी पेटून बसणारा ठोका कमी होतो. फायदा नव्या इंजिनाला. जुन्या कार्ब्युरेटरच्या जेटचं भोक ठरलेलं, त्याला इथेनॉलमधल्या ऑक्सिजनचं काय कळणार? मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतं. इंजेक्शनवाल्या गाडीत सेन्सर सांभाळून घेतो.

माळशिरसचा_बागायतदार
७ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली, तेव्हा ऐन गाळपात कारखान्यांचं गणित बिघडलं. तेव्हा कुणी धागा काढला नाही. साखर गोदामात पडून राहिली की आमच्या उसाचं बिल लांबतं, इथेनॉलचे पैसे लवकर येतात. चार जुन्या फटफट्यांसाठी आमच्या पोटावर पाय देऊ नका. गाडी उभी ठेवायची तर बाऊल मोकळा करा, पाच मिनिटांचं काम.

सात_रस्ता
काका, देशात इथेनॉल आता उसापेक्षा धान्याचंच जास्त होतंय, त्यातही मक्याचं. सगळं ओझं आपल्या उसावर घेऊ नका.

आणि धागाकर्ते, दर कमी कशातून होणार? मक्याच्या इथेनॉलला तेल कंपन्या २०२५ मध्ये लिटरला ७१.८६ रुपये देत होत्या. कर वगळून साधं पेट्रोल तेव्हा त्याहून स्वस्त पडत होतं. तुमच्या मागणीचे पैसे कुणाच्या खिशातून?

उसाच्या_पट्ट्यातला
सरकारच्या करातून. धोरण त्यांचं, तोटाही त्यांनीच सोसावा. ते नको असेल तर प्रत्येक पंपावर साध्या पेट्रोलचं एक नोझल ठेवा, ज्याला जे हवं ते घेईल.

सात_रस्ता
साधं पेट्रोल मिळावं म्हणूनच सुप्रीम कोर्टात याचिका होती. १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली.

गॅरेज_अक्कलकोट_रोड
कोर्टाचं राहू द्या. पोरा, खाल्लेले बाऊल पोतंभर पडलेत माझ्याकडं, घेऊन जा. फक्त कुठला ई-२० च्या आधीचा, कुठला नंतरचा, ते विचारू नको. सगळे एकत्रच टाकलेत.

मेकॅनिकल_शेवटचं_वर्ष
मग ते पुरावा म्हणून चालणार नाहीत, काका. भंगारात घाला. आजपासून जो निघेल त्यावर मार्करनं लिहा: गाडी कुठल्या सालची, किती दिवस उभी होती, शेवटचं पेट्रोल कधी भरलं. भुकटी खरवडू नका, तशीच राहू द्या. शनिवारी येतो.