विडी बंद झाली हे मानसोपचारतज्ज्ञाला कोण सांगणार?

ओलान्झापिन-क्लोझापिन या स्किझोफ्रेनियासारख्या मानसिक आजारांवरच्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर, कोलेस्टेरॉल, पोटाचा घेर मानसोपचारतज्ज्ञांनीच नियमित तपासावा, असं एकांनी लिहिलंय. पटतं, पण ही एकच बाजू झाली. फिजिशियनकडून उलटा निरोप मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला हवा, त्याचं काय?

माझ्या मामांना स्किझोफ्रेनिया आहे, बरीच वर्षं क्लोझापिन चालू आहे. मध्यंतरी न्यूमोनिया झाला म्हणून ॲडमिट केलं. तिथे विडी अर्थातच बंद. काही दिवसांत दिवसभर गुंगी, उशी भिजेल इतकी लाळ. वॉर्डात म्हणाले, अशक्तपणा आहे. शेवटी मामीने त्यांच्या नेहमीच्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन लावला, तेव्हा उलगडा झाला. विडी-सिगारेटच्या धुरामुळे यकृतातलं एक एन्झाइम (सीवायपी १ए२) जोरात काम करतं आणि क्लोझापिन भराभर संपवतं. धूर थांबला की ते आठवड्याभरात मंदावतं आणि नेहमीच्याच गोळ्यांवर रक्तातली पातळी चढते. जंतुसंसर्गानेही ती वाढते, म्हणजे मामांना दोन्हीकडून फटका. हा परिणाम धुराचा, निकोटिनचा नव्हे. त्यामुळे निकोटिन पॅच लावून पातळी खाली येत नाही, आणि तंबाखू-मिश्रीवाल्यांना हे लागू नाही. (म्हणून विडी चालू ठेवा, असं कृपया कुणी वाचू नका!) डोस मानसोपचारतज्ज्ञांनी तात्पुरता कमी केला. घरी येऊन विडी पुन्हा सुरू झाली तर लगेच कळवा, कारण मग पातळी उतरते, हेही बजावलं. आणि शौचाला झालं का ते रोज विचारा म्हणाले. क्लोझापिनचं बद्धकोष्ठ जिवावर बेतू शकतं.