मदत हवी आहे: टाकी भरलेली, वाडी कोरडी. योजना ताब्यात घ्यायची का?

शेवटचा_नळ
जलजीवन नळपाणी योजनेची नवी टाकी रोज भरते. खालच्या आळीत नळ धो धो, वरच्या वाडीत करंगळीएवढी धार नाही. योजना ग्रामपंचायतीने ताब्यात घ्यावी म्हणून ठेकेदार आणि शाखा अभियंता हस्तांतरणाच्या ठरावासाठी मागे लागलेत. सोमवारी मासिक सभा आहे. ठराव करावा का? आणि तोवर वाडीला पाणी कसं चढवायचं? लवकर सांगा.

लेव्हलवाला
टाकी जमिनीपासून किती उंच? वाडी किती वर? लाइन किती लांब, व्यास काय? माणसं किती, पाणी किती वेळ सोडता? यातलं काहीच लिहिलेलं नाही. लवकर कसं सांगणार?

पंपपुराण
हिशेब कशाला? वाडीच्या तोंडाशी लाइनवरच मोनोब्लॉक मोटरपंप बसवा. संध्याकाळपर्यंत पाणी.

गंजका_व्हॉल्व्ह
वितरण लाइनवर थेट मोटर अजिबात नको. दाब शून्याखाली गेला की गळक्या सांध्यांतून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. मोटर लावायचीच तर आधी संप (जमिनीतली टाकी) बांधा, तो उताराने भरू द्या, मग संपातून उपसा.

भूजलप्रेमी
मुळात उन्हाळ्यात विहिरीला पाणी टिकेल का, हे बघा. पुनर्भरणाची कामं विहिरीच्या वरच्या अंगाला घ्या. रिचार्ज शाफ्ट (पाणी जमिनीत मुरवायचा गाळणीचा खड्डा) अगदी काठाला घेतला तर गढूळ पाणी थेट विहिरीत उतरतं. गाळणीत खाली मोठे दगड, मग खडी, वर वाळू. वरचा वाळूचा थर दर पावसाळ्याआधी बदला.

शेवटचा_नळ
विहिरीला पाणी भरपूर आहे, टाकी भरते असं वर लिहिलंय! टाकीचा तळ जमिनीपासून १२ मीटर, आत पाणी ३ मीटर. वाडी टाकीच्या जमिनीपेक्षा ४ मीटर वर. वाडीची लाइन टाकीपासूनच वेगळी, १४०० मीटर, ७५ एमएम एचडीपीई (प्लास्टिकचा पाइप). माणसं ३००. सकाळी एक तास, सगळ्या गावाला एकदम.

लेव्हलवाला
आता बोलता येईल. माणशी ५५ लिटरने ३०० जणांना रोज १६,५०० लिटर. ते एका तासात द्यायचं तर सेकंदाला साधारण ४.६ लिटर. पीएन ६ चा (६ किलो दाब सोसणारा) ७५ एमएम पाइप आतून जेमतेम ६९ भरतो. सगळी मागणी शेवटच्या टोकाला धरली तर १४०० मीटरमध्ये घर्षणातच ३३-३४ मीटर दाब जातो (दाब पाण्याच्या उंचीत मोजतात). तुमच्याकडे आहे किती? टाकी भरलेली असताना ११ (१२ + ३ - ४), तळाला गेल्यावर ८. पाणी चढणार कसं?
तेच पाणी तीन तासांत सोडलं तर घर्षण ४-४.५ मीटरवर येतं. म्हणून उद्यापासून वाडीला वेगळी वेळ द्या: बाकीचे व्हॉल्व्ह बंद, टाकी पूर्ण भरलेली, वाडीला तीन तास. धार जोरात नसेल, पण हंडे भरतील.

मीटरराव
घरटी मीटर बसवा, नासाडी आपोआप थांबते.

गंजका_व्हॉल्व्ह
अहो, वाडीत पाणीच नाही, मीटर मोजणार काय? हवा मोजेल! त्यापेक्षा खालच्या आळीत बिनतोटीचे नळ आणि लाइनला जोडलेले टुल्लू पंप आधी शोधा.
आणि लेव्हलवाले, सगळं खापर व्यासावर फोडू नका. उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह नसेल तर हवा अडकते, एखादा स्लूस व्हॉल्व्ह (लाइन उघड-बंद करायचा) अर्धवट उघडा राहिलेला असतो.

लेव्हलवाला
मान्य, म्हणून मोजा. वाडीच्या शेवटच्या नळाला ० ते ४ किलोचा प्रेशर गेज (दाबमापक) लावा. टाकी भरलेली, वाडीचा व्हॉल्व्ह उघडा, वाडीतले सगळे नळ बंद. काटा १ किलोच्या आसपास हवा (१ किलो म्हणजे १० मीटर). कमी दाखवला तर गळती, बंद व्हॉल्व्ह किंवा चुकीची लेव्हल. बरोबर दाखवला आणि नळ उघडल्यावर कोसळला, तर व्यास अपुरा किंवा मध्ये अडथळा. मग लाइनच्या मध्यावर दुसरा गेज लावा. दाब लांबीभर सारखा घटत गेला तर व्यास, एकाच टप्प्यात बराचसा गेला तर त्या टप्प्यात अडथळा.

शेवटचा_नळ
मोजलं. नळ बंद असताना १ किलो, उघडले की जवळजवळ शून्य. मध्यावर निम्म्याच्या आसपास. आणि अंदाजपत्रक उघडलं तर वाडीची लाइन ११० एमएम लिहिलीय!

पंपपुराण
मग वित्त आयोगाच्या बंधित निधीतून (पाणी-स्वच्छतेसाठी राखलेल्या) बदलून टाका.

गंजका_व्हॉल्व्ह
ठेकेदाराची उणीव ग्रामपंचायतीने का भरायची? तो निधी पुढच्या देखभालीला लागेल.

लेव्हलवाला
११० एमएम असती तर तीन तासांच्या सोडणीत घर्षण एक मीटरच्या आत. टाकी तळाला गेली तरी वाडीत ७ मीटर दाब उरला असता, आणि एकमजली घरांना तेवढाच धरतात. म्हणजे अंदाजपत्रक बरोबर होतं, काम चुकलं.
हस्तांतरणाचा ठराव करू नका. "त्रुटी पूर्ण होईपर्यंत हस्तांतरण प्रलंबित" असा करा आणि त्रुटी एकेक करून लिहा. उपअभियंत्याकडे संयुक्त पाहणी, मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाच्या मापांची वही) प्रत, प्रत्यक्ष टाकलेल्या लाइनचा नकाशा आणि दाबचाचणीचा अहवाल लेखी मागा. त्रयस्थ तपासणीचा अहवालही मागा. त्यात ११० लिहिलं असेल तर प्रश्न आणखी मोठा आहे.

शेवटचा_नळ
ठेकेदार म्हणतो पाइप ११०चाच आहे, जमिनीत गेल्यावर बारीक वाटतो.

गंजका_व्हॉल्व्ह
दोन-तीन ठिकाणी खड्डा घ्या, पाइप पुसा. व्यास, पीएन आणि आयएस ४९८४ (या पाइपांचं भारतीय मानक) पाइपावरच छापलेलं असतं. छपाई आणि शेजारी धरलेली टेप एकाच फोटोत घ्या, पंचनाम्यावर पाणी समितीच्या सह्या. खड्डे बुजवायच्या आधी शाखा अभियंत्याला बोलवा.