फूटब्रिज म्हणजे साकव की पादचारी पूल?

पायवाट: मागच्या आठवड्यात डम्फ्रीजला जाऊन आले, स्कॉटलंडच्या दक्षिणेला निथ नदीकाठचं गाव. तिथला डेव्होर्गिला ब्रिज १४३२ चा, दगडी, आता फक्त चालणाऱ्यांसाठी. फोटोखाली 'पादचारी पूल' लिहून घरच्या ग्रूपवर टाकला तर बाबांचा लगेच मेसेज, "हे काय दादर स्टेशन आहे? साकव म्हण." पण साकव म्हटलं की मला आजोळचा आठवतो, वहाळावर टाकलेली पोफळीची दोन खोडं आणि धरायला एक बांबू, दर पावसाळ्यात वाहून जाणारा. काय लिहू?

ओढाळ: बाबा बरोबर. संक्रमवरून साकव, म्हणजे संक्रांतीचा भाऊच. ओलांडणं महत्त्वाचं, लाकूड नाही. 'पूल' फारसी आहे, घरचा शब्द असताना तो कशाला?

टवाळ: कमानही फारसीच. ती काढली तर पूल नदीत.

पायवाट: कमानी सहा आहेत, आधी नऊ होत्या, गावाकडच्या तीन एकोणिसाव्या शतकात काढल्या, म्हणून त्या बाजूने आता पायऱ्या चढून जावं लागतं. आणि वाहून जाण्याचं म्हणाल तर १६२० च्या पुरात ह्याचाही बराच भाग गेला होता, परत बांधला.

निवृत्त ओव्हरसियर: कमान हा आकार. दोन खांबांमधला तो गाळा. आमच्या खात्यात 'सहा गाळ्यांचा पूल' असंच लिहीत. आणि पादचारी नकोच, घोडे आणि गाड्या जायच्या ना त्यावरून?

पायवाट: हो काका, वरच्या अंगाला १७९४ चा नवा पूल झाला तोवर हाच रस्ता.

टवाळ: सहा गाळे म्हणजे भाड्याने आहेत का? डिपॉझिट किती?

पायवाट: हसा, पण पलीकडच्या टोकाला १६६० चं घर खरंच पुलाला चिकटून बांधलंय, आत म्युझियम आहे 😄

ओढाळ: विषय भरकटतोय. दगडी साकव म्हणायला काय हरकत आहे?

टवाळ: काहीच नाही, पुण्यात लकडी पुलात लाकूड शोधून दाखवा.

निवृत्त ओव्हरसियर: तो पानिपतानंतरचा, तेव्हा लाकडीच होता. बाकी छोटा असेल तर पूल नाही, मोरी म्हणावं.

ओढाळ: मोरी?? आमच्याकडे मोरीत भांडी घासतात.